धंद्यातील काटकसर



वसंतातल्या संध्याकाळी काव्य-संगीत सोडून जमाखर्च ऐकायला आपण आलात, याबद्दल प्रथम आपले आभार. विषय रुक्ष खरा. पण आपल्या गावातील किती संसार एखाद्या भट्टीवर, छापखान्यावर वा दुकानावर चालतात हे आठवले, म्हणजे तो रुक्ष राहत नाही. असा धंदा बसला की मालकाबरोबर चार कामगारांची चूलही थंडावते.

हात आखडला की पुष्कळ धंदेवाले दोनच ठिकाणी कात्री लावतात: कामगाराच्या पगाराला आणि मालाच्या प्रतीला. आमचे म्हणणे असे की, कात्री लावण्यास हीच दोन ठिकाणे सर्वांत अयोग्य होत. हाताशी तयार झालेला कारागीर गेला आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला, तर ते कोणत्या बाजारातून विकत आणणार?

आधी साधे अंकगणित पाहू. शंभर रुपयांच्या विक्रीत नव्वद रुपये खर्च आणि दहा रुपये नफा धरा. खर्च शेकडा ५ने कमी झाला, तर साडेचार रुपये वाचून नफा साडेचौदा होतो. तेवढाच नफा विक्रीतून मिळवायचा आणि खर्चही विक्रीच्या प्रमाणात वाढत गेला, तर विक्री शेकडा ४५ने वाढवावी लागेल! घरातली गळती थांबवणे हे नवे गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा सोपे आहे, ते असे.

आता ही गळती कोठे असते? फरसाणाचा लहान कारखाना घेऊ. अर्ध्या किलोच्या पुडीत काट्याच्या दोषाने पाच ग्रॅम जास्त पडतात. शेकडा एक माल फुकट गेला, म्हणजे दहा रुपये नफ्यातला सुमारे दहावा हिस्सा गेला. वजन कमी भरणे हा गुन्हा आहे. पण बरोबर भरणे हा कंजूषपणा नव्हे.

दुसरी गळती वखारीतली. व्यापारी शेकडा दोन सूट देतो म्हणून आपण सहा महिन्यांचे बेसन एकदम भरतो. वर्षाला शेकडा १२ व्याजाने काढलेला पैसा त्यात सरासरी तीन महिने अडकतो, म्हणजे व्याजच शेकडा तीन झाले. किडीचे नुकसान वेगळेच. सूट पदरात आणि तोटा चोपडीत!

तिसरी गळती विजेची. जुनी नळी चोकसह सुमारे ५० वॅट वीज घेते, तर एलईडी नळी २० वॅटमध्ये भागवते. अशा दहा नळ्या रोज दहा तास जळत असतील, तर ३०० दिवसांत ९०० युनिटे वाचतात.

चौथी आणि सर्वांत मोठी गळती उधारीची. येथे २००६ चा लघुउद्योगांविषयीचा कायदा आपल्या बाजूस आहे. नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत दिले पाहिजेत, आणि ती मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर केल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मोठ्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवायचा संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. पण बिलावर मुदत छापण्यास संकोच कशाचा?

प्रतीला हात न लावता खर्च कसा आवरावा, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तोच पुढे ‘लिज्जत’ झाला. स्वस्त, हलका पापडही काढावा असा विचार सुरुवातीस पुढे आला होता. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी प्रतीशी तडजोड करू नये, असा सल्ला दिला आणि हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह धरला. पुढे काम वाढले, तेव्हा पीठ केंद्रावरून न्यायचे आणि पापड घरी लाटायचे, अशी रीत पडली. हजारो हातांना काम मिळाले, पण लाटण्यासाठी तेवढ्या मोठ्या इमारती बांधाव्या लागल्या नाहीत. बचत झाली ती कामाच्या रचनेतून, पिठातून नव्हे.

तेव्हा आमची विनंती एवढीच. येता महिनाभर प्रत्येक खर्च रोजच्या रोज लिहा, आणि शेवटी कामगारांना बरोबर घेऊन ती वही वाचा. तेल कोठे सांडते, हे कढईपाशी उभा असणारा आपल्याआधी जाणतो. त्याला विचारा, आणि जे वाचेल त्यातला वाटा त्यालाही द्या. कृपण माणूस दुसऱ्याच्या ताटातले काढून घेतो. काटकसरी माणूस ताटाबाहेर सांडणारे वाचवतो. आपल्या धंद्यांना दुसऱ्याची गरज आहे.