ठेवू का फेकू?



आज आपण मुलांच्या हातातल्या व्हिडिओ गेमवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात आपलं काय काम? पण काम पडलं म्हणूनच बोलतोय.

झालं असं, की आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलानं त्यांच्या मोबाईलवरून एका गेममध्ये पैसे घातले. ते पैसे गटाच्या हप्त्यासाठी ठेवलेले होते. पोराला वाटलं, आपण नुसतं बटण दाबलं. ताईंनी तो हप्ता उसनवारी करून भरला, आणि तेव्हापासून त्यांच्या घरात गेम हा शब्द निघाला की भांडण ठरलेलं. त्यात मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या बहिणीचा मुलगा मुंबईहून आला आणि जाताना हातात मावेल असं एक जुनं गेमचं यंत्र मावसभावाला देऊन गेला. मुलगा ते खाली ठेवेना. शेवटी ताई ते यंत्र घेऊनच गटाच्या बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, ठेवू का फेकू?"

न बघता काय सांगणार? म्हणून आम्ही चौघींनी ठरवलं की आधी खेळून बघू. पंधरा दिवस, रात्रीची भांडी झाल्यावर, त्या मुलाला मध्ये बसवून आम्ही तो गेम खेळलो. बटणं त्यानं शिकवली. गेममधलं बोलणं सगळं इंग्रजीत लिहून येतं, ते त्यानंच वाचून सांगितलं.

गेमचं नाव फायर एम्ब्लेम. जपानच्या इंटेलिजंट सिस्टिम्स कंपनीनं तो तयार केला आणि निन्टेंडोनं २००३ साली बाजारात आणला. तो चालतो त्या यंत्राचं नाव गेमबॉय अ‍ॅडव्हान्स. आमच्याकडचं यंत्र दोन पेन्सिल सेलवर चालतं. त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे दिव्याखाली बसावं लागतं. इंटरनेट लागत नाही.

खेळ बुद्धिबळासारखा आहे. पडद्यावर चौकोन चौकोन असतात. आधी आपण आपली सगळी माणसं हलवायची, मग समोरचा हलवतो. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला भारी आणि भाला तलवारीला भारी. वार करण्याआधी तो लागायची शक्यता किती, हे आकड्यात दिसतं. झाडीत उभं राहिलं तर वार चुकवणं सोपं जातं. वाटेत गावं लागतात. लुटारूंच्या आधी तिथं पोचलं तर गावकरी काहीतरी मदत देतात, उशीर झाला तर गाव उद्ध्वस्त होतं.

गोष्ट सुरू होते लिन नावाच्या मुलीपासून. ती गवताळ माळरानावरच्या एका टोळीची. वडील टोळीचे प्रमुख होते. लुटारूंनी आईवडिलांना मारलं, टोळीतले बरेच लोक मेले. उरलेल्यांना सांभाळायला लिन तयार होती, पण बाईमाणसाच्या मागून कोण जाणार, म्हणून ते पांगले. हे वाचून दाखवल्यावर आम्ही चौघी एकमेकींकडे बघतच राहिलो. गेम जपानचा, गोष्ट काल्पनिक मुलखाची, आणि वाक्य मात्र आपल्या ग्रामसभेत ऐकलेलं! पुढं कळतं की लिनच्या आईचे वडील एका जहागिरीचे मालक आहेत, आणि जहागिरीसाठी त्यांचा सख्खा भाऊच त्यांना विष देतोय. भाऊबंदकी तिकडंही सुटलेली नाही.

आता मुद्द्यावर येऊ. गेम बरा की वाईट हे ठरवायला आम्ही तीन प्रश्न धरले होते.

पहिला प्रश्न पैशाचा. हा गेम एका छोट्या डबीत येतो. डबी एकदा विकत घेतली की संपलं, नंतर तो घरातला एक रुपयाही मागत नाही. गेमच्या आत मात्र पैशाचा हिशोब कडक आहे. साधी लोखंडी तलवार ४६० मोहरांची, आणि ४६ वार झाले की ती मोडते. म्हणजे वाराला १० मोहरा. पोलादी तलवार ६०० ची, पण चालते ३० वार, म्हणजे वाराला २०. शिवाय ती जड, तिनं माणूस मंदावतो. हा हिशोब मुलानं आम्हाला तोंडी करून दाखवला. दुबळ्या शत्रूवर महागाची तलवार झिजवू नये, हे त्याला कळलेलं होतं.

पण एक सावधगिरी हवी. याच नावाचा मोबाईलवरचा गेम आहे, फायर एम्ब्लेम हीरोज, २०१७ सालचा. तो फुकट उतरवता येतो, पण त्यात नवे योद्धे सोडतीसारखे निघतात, आणि ती सोडत काढायला लागणारे खडे खऱ्या पैशानं विकत घेता येतात. नाव एकच असलं तरी व्यवहार वेगळा आहे. नावावर जाऊ नका, पैसे कुठून जातात ते बघा.

दुसरा प्रश्न, हाक मारली तर मुलाला उठता येतं का? या गेममध्ये घाई नाही. आपली पाळी असली की तो थांबून राहतो. मध्येच बंद केला तरी जिथं होतो तिथूनच पुन्हा सुरू होतो. तेव्हा 'थांब आई, आता बंद केला तर सगळं जाईल' ही सबब इथं चालत नाही. पण एक लढाई अर्धा-पाऊण तास सहज खाते, आणि पुढच्या लढाईची ओढ लागते. ही ओढ आम्हालाही लागली, खोटं कशाला बोलू? एका रात्री अकरा वाजून गेले.

तिसरा प्रश्न, हरल्यावर हा गेम काय शिकवतो? या गेममध्ये साथीदार लढाईत पडला की पुढच्या लढायांना तो नसतो. लिनची एक मैत्रीण आहे, फ्लोरिना. पंखांच्या घोड्यावरून उडते, पुरुषांना बुजते. उडणाऱ्याला बाण घातक असतो, हे मुलानं आम्हाला दोनदा बजावलं होतं. तरी आम्ही घाईत तिला धनुष्यवाल्याच्या टप्प्यात नेऊन उभी केली. एका बाणात ती पडली. आम्ही गप्प झालो. मुलगा लगेच म्हणाला, "मावशी, लढाई पहिल्यापासून सुरू करू, ती परत येईल."

तसं करता येतं, आणि तो प्रत्येक वेळी तसंच करत होता. आमच्या मते या गेमची खरी कसोटी इथंच आहे. चूक पुसून टाकायची सवय लागली, तर चुकीची किंमत कळत नाही. आम्ही म्हटलं, नको, तिच्याशिवाय पुढं जाऊ. पुढची लढाई जड गेली. पण त्यानंतर माणूस हलवण्याआधी आम्ही चौघी आणि तो मुलगा, सगळेच धनुष्यवाले मोजायला लागलो.

उणं काय ते पण सांगतो. सगळा खेळ लढाईचा आहे. रक्त दाखवत नाहीत, पण प्रश्न सोडवायचा तो तलवारीनंच. अगदी लहान मुलांना हा देऊ नये. इंग्रजी वाचता येत नसेल तर निम्मी गोष्ट वाया जाते. आणि आम्हाला सगळ्यात खटकलं ते असं, की लिनची गोष्ट लवकर आटोपते. मग कारभार दोन सरदारपुत्रांच्या हाती जातो, आणि लिन पुढं येते ती त्यांची साथीदार म्हणून. आधी टोळीनं नाकारलं, मग गोष्टीनंही बाजूला सारलं!

तर आम्ही ताईंना सांगितलं, फेकू नका. अभ्यास झाल्यावर एक लढाई, घरातल्या सगळ्यांसमोर, आणि चुकलं तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही.

ताईंनी त्यावर आणखी एक केलं. वाराला किती मोहरा हा हिशोब मुलगा करत होता, तेव्हा त्यांनी गटाचं पासबुक आणून त्याच्यासमोर ठेवलं आणि त्या महिन्याचा हप्ता दाखवला. "हे भरायला मला किती दिवस खुरपायला जावं लागलं, काढ हिशोब." त्यानं काढला. मग बराच वेळ काही बोलला नाही. यंत्र त्यानं स्वतःच बंद केलं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातला गेम दुसरा असेल. पण हे तीन प्रश्न त्यालाही विचारा. आणि निदान एक संध्याकाळ मुलाशेजारी बसून स्वतः खेळून बघा. मग ठरवा, ठेवायचा का फेकायचा.