‘ली’ हे आडनाव कोणाचे?



आमचे शिक्षण गिरणीच्या दाराशी झाले. वर्गणीच्या वहीत दोन जाधव दिसले की आम्ही ‘भाऊभाऊ का?’ म्हणून विचारीत असू, आणि बहुधा फसत असू. तशीच फसगत ‘ली’ या आडनावाने जगभर केली आहे.

इंग्लंडातला ली रानातल्या मोकळ्या जागेवरून आला. चीनमधला ली म्हणजे आलुबुखाऱ्याचे झाड. तांग सम्राटांचे आडनाव तेच. दोघांचा काडीचा संबंध नाही, रोमन लिपीने जुळवलेली ही सोयरीक! उलट कोरियाचे सिंगमन ऱ्ही कानाला वेगळे वाटतात, पण त्यांच्या आडनावाचे अक्षर तेच चिनी.

कोरियात चोसन घराणे १३९२ साली गादीवर आले, तेही लीच. आणि त्या राज्यातले गुलाम? त्यांतल्या बहुतेकांना आडनावच नव्हते. १८९४ मध्ये गुलामगिरी कायद्याने गेली, १९०९ मध्ये नोंदणीचा कायदा आला, आणि आडनाव लिहिणे भाग पडले. तेव्हा पुष्कळांनी किम, ली अशी थोरामोठ्यांची आडनावे लावली. याला कोणी चोरी म्हणो. आम्ही थकलेली मजुरी म्हणतो. २०१५ च्या शिरगणतीत दक्षिण कोरियात शंभरांत सुमारे १५ माणसे ली भरली. इतके राजवंशीय कोठून येणार?

बरे, हे नवेही नव्हते. गुलामगिरी जाण्याआधीपासूनच तिथे पैसे मोजून मोठ्या घराण्याच्या वंशावळीत आपले नाव घुसवून घेणारे होते.