‘आधार निष्क्रिय’ म्हणजे काय?

भातकापणी आटोपली कीं शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कित्येक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांची वाट धरतात. भट्टीवाल्याची उचल आधींच हातीं पडलेली असते; ती फिटेपर्यंत गांव सुटलेलें राहतें. महाराष्ट्रानें १९७७ सालीं कायदा करून दिलेली व २००५ च्या केंद्रीय कायद्यानें पुढें देशभर पसरलेली रोजगार हमी हा त्यावर एक उतारा. परंतु १५ दिवसांत मिळावयाची मजुरी अडली, तर मजूर पुनः उचलीसाठींच हात पसरणार.

२०२४ च्या १ जानेवारीपासून ही मजुरी आधार क्रमांकावरूनच द्यावी, असें केंद्र सरकारनें ठरविलें. हजेरीपटावरून आदेश निघाला कीं संगणक नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या सूचीला विचारतो, ‘या क्रमांकाची बँक कोणती?’ सूचींत खात्याचा क्रमांक नसतो. बँकेची तेवढी नोंद असते, तीही सर्वांत शेवटीं जोडलेल्या बँकेची. नोंद न सांपडल्यास ‘आधार निष्क्रिय’ असा शेरा पडून पैसे परततात.

शेरा ऐकून मजूर आधार केंद्राकडे धांवतो आणि रोज बुडवून बोटांचे ठसे पुनः देतो. बिघाड तेथें नसतोच. माणूस बिऱ्हाड बदलून गेला असतां टपालवाल्यानें पत्रावर ‘मालक मयत’ लिहावें, त्यांतलाच हा प्रकार. बँकेंत जावें तर कारकून सांगतो, ‘खातें आधारास जोडलेलें आहे.’ तोही खोटें बोलत नाहीं. बँकेच्या दप्तरांत जोडणी असते. सूचीपर्यंत ती पोंचलेली नसते. दोन दप्तरांतील ही तफावत मजुरास दिसणार कशी?

दुसरा प्रकार अधिक फसवा. तेथें चूक म्हणून कांहीं उमटतच नाहीं. मागाहून एखाद्या शिबिरांत दुसऱ्या बँकेचें खातें उघडलेलें असतें. मजुरी निमूटपणें तिकडे जाते आणि मजूर जुनें पासबुक घेऊन हेलपाटे घालतो.

म्हणून तपास शेऱ्यापासून नव्हे, सूचीपासून करावा. आधारच्या संकेतस्थळावर बँक-जोडणीची स्थिति पाहतां येते. अर्थात् मोबाइल क्रमांक नोंदलेला असेल तर. नोंद नसल्यास शाखेंत संमतिपत्र देऊन ती सूचींत करवून घ्यावी. पण नोंद दुरुस्त झाल्यानें परतलेली मजुरी आपोआप येत नाहीं. पंचायत समितीकडून तिचा आदेश नव्यानें काढवून घ्यावा लागतो.