न दिसणारे दुखणे



मी वैद्य नाही, विद्वान तर नाहीच. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा ल्यूपस या रोगावर मी बोलावे, हे कित्येकांना धाडस वाटेल. पण मी बोलणार आहे तो औषधांविषयी नव्हे, आधाराविषयी. आणि आधार देणे हा आम्हा संघटनावाल्यांचा धर्मच आहे.

ल्यूपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. या रोगात शरीराची संरक्षक शक्ती शरीरावरच उलटते. राखणदारच घर फोडू लागतो. सांधे, कातडी, मूत्रपिंडे, कधी मेंदूही तिच्या तडाख्यात सापडतो. दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया, त्याही बहुधा ऐन उमेदीच्या वयातल्या. रोग सांसर्गिक नाही. तो समूळ जात नाही, पण औषधांनी आटोक्यात राहतो.

थकवा क्ष-किरणांत दिसत नाही. काल काम केले आणि आज उठवत नाही, की घरचे म्हणतात 'सोंग' आणि मुकादम म्हणतो 'कामचुकार'. अशाच एका कामगार भगिनीला आलेली खुलाशाची नोटीस मी वाचली आहे. तिचे म्हणणे एवढेच, की रोग सोसवतो, संशय सोसवत नाही.

त्यातच स्टेरॉईडने चेहरा सुजतो, झोप उडते, मन खचते. अशा वेळी 'मन घट्ट कर' हा उपदेश फुकट आहे. स्पेनमधील ग्रानादाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मानसोपचार मिळालेल्या रोग्यांचे नैराश्य आणि चिंता कमी झाली. रोगाचा जोर मात्र हटला नाही. म्हणजे समुपदेशन औषधाची जागा घेत नाही. पण औषध जिथे पोचत नाही तिथे ते पोचते.

कोणी म्हणेल, याने खरे कामचुकार सोकावतील. सोकावोत एकदोन! त्यांच्यापायी आजारी माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय नव्हे. आजारपणाचा भत्ता घेणाऱ्या कामगाराला त्या काळात काढता येणार नाही, हे तत्त्व १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानेच मान्य केले होते.

मग आपण करायचे काय? उन्हातले काम बदलून द्यावे. डॉक्टरांनी सांध्यांबरोबर मनाचीही चौकशी करावी. रोग्यांनी एकमेकांना भेटावे, कारण समदुःखी माणसाला पुरावा द्यावा लागत नाही. सरकारची १४४१६ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे, तिचा संकोच धरू नये. आणि २००४ पासून १० मे हा जागतिक ल्यूपस दिन पाळला जातो. त्या दिवशी हारतुरे नकोत. आपल्या ओळखीची जी कोणी 'दमले' म्हणेल, तिच्यावर विश्वास ठेवा. या उपचाराला पैसा पडत नाही.