एमएच-२१ च्या सहा गाड्या आणि कोकणचा किनारा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बऱ्याच ताईंनी मागितला म्हणून छापत आहोत.)



मला सांगितलं होतं, "तुम्ही नऊ जणी गाड्यांवर कोकणात गेलतात, त्याचं दहा मिनिटं बोला." तर बोलते. पण समुद्र कसा दिसतो ते ऐकायला तुम्ही आलेल्या नाहीत, हे मला माहीत आहे. आल्यापासून तीनच प्रश्न ऐकते आहे. पैसा कुणाचा? घर कुणी बघितलं? आणि एसटीचं तिकीट बायांना अर्धं असताना गाडीवर काहून गेलात?

पैशाचं आधी. गटाच्या बचतीतला एक रुपया नाही, बँकेच्या कर्जातला नाही, फिरत्या निधीतला तर नाहीच. नऊ जणींनी वेगळी वही केली, महिन्याला चारशे रुपये, वीस महिने. माणशी आठ हजार, सगळे मिळून बहात्तर हजार. आणि एक अट घातली: जिचा गटाचा हप्ता थकलेला असेल ती येणार नाही. या अटीवरून दोन बैठका भांडणात गेल्या. "फिरायला जाणं आणि हप्ता, याचा काय संबंध?" असं एक जण म्हणाली. संबंध आहे. आपण अकरा दिवस बाहेर आणि मागं गटात थकबाकी, असं झालं असतं तर गावानं आपल्यालाच नाही, पुढच्या दहा वर्षांत जाणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवलं असतं.

घराचं म्हणाल तर वेळ निवडून गेलो. कापसाची शेवटची वेचणी झालेली, हरभरा आणि ज्वारी काढणीला आलेली नाही, तो फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. बाकी भाकरी पुरुषांना करता येतात. आमच्या मालकांनी केल्या. कशा केल्या ते विचारू नका.

आता एसटी. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे आणि मी ते रोज वापरते. पण कोकणचा किनारा सरळ नाही. दर थोड्या अंतरावर एखादी नदी समुद्राला मिळते आणि तिथं खाडी होते. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. किनाऱ्याला धरून रेवस ते रेडी रस्ता करायचा, हे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासून बोललं जातं. पण या मोठ्या खाड्यांवरून आम्ही गेलो ते पुलावरून नाही, फेरीबोटीतून. गाडीसकट बोटीत चढायचं, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडं. बसनं जायचं तर आत महामार्गापर्यंत वळसा. किनारा बघायचा तर दुचाकीसारखं दुसरं वाहन नाही, हे मी फिरून आल्यावर सांगते आहे.

पण मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. गाडी कुणाच्या नावावर आहे?

हात वर करू नका, मनातल्या मनात उत्तर द्या. आपल्यातल्या किती तरी जणी रोज स्कूटी चालवतात. बँक सखी, कृषी सखी, पशुसखी, गटाचं लेखन करणाऱ्या ताया, दूध घालायला जाणाऱ्या. आम्ही नऊ जणींनी कागद बाहेर काढले तेव्हा सहा गाड्यांपैकी दोनच बाईच्या नावावर निघाल्या. लायसन चौघींकडं. म्हणजे बाकीच्या रोज विनालायसन रस्त्यावर, ज्याला आता पाच हजार रुपये दंड आहे.

दंडाचं सोडा. विम्याचा कागद वाचा. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा अपघात विमा असतो, पंधरा लाखांचा. चालवणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा कायमचं मोठं अपंगत्व आलं तर तो उपयोगी पडतो. पण तो मिळतो कुणाला? गाडी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडं चालू लायसन आहे, त्याला. गाडी मालकाच्या नावावर आणि चालवता तुम्ही, तर त्या पंधरा लाखांशी तुमचा काहीही संबंध नाही. हप्ता तुमच्या शेळ्या विकून भरलेला असला तरी नाही. मागं बसणारीला तर त्यात धरलेलंच नसतं, तिच्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

आमच्यातली एक जण एकल महिला आहे. तिची स्कूटी दिराच्या नावावर होती. पैसे हिचे, पण नवरा गेल्यानंतरच्या गडबडीत शोरूममध्ये सही दिराची झाली. जायचं ठरल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, कुठं पडली-झडली, कुणाला धडकली, तर कोर्टात मला उभं राहावं लागंल." बायांना राग आला. मला नाही आला, कारण तो कायद्याचं बोलत होता. कागदावर जो मालक, त्याच्यावर जबाबदारी येते. मी त्याला म्हणलं, भाऊजी, बरोबर बोललात, मग ही जबाबदारी अंगावरून काढूनच टाका. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्या, आरसी, विमा, पीयूसी, आधार. जालन्याच्या आरटीओत दोन चकरा झाल्या. गाडी तिच्या नावावर आली, मग विमाही तिच्या नावावर करून घेतला. हे दुसरं लोक विसरतात. आरसीवर एक नाव आणि विम्यावर दुसरं, असं झालं की अडकलात.

लायसनचंही तसंच. शिकाऊ लायसनची परीक्षा आता घरून मोबाईलवर देता येते. ते मिळाल्यावर तीस दिवस थांबायचं आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्या लायसनची चाचणी द्यायची. पाच जणींनी दिली. एक जण आठ काढताना पाय टेकला म्हणून पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास. वय त्रेपन्न.

तर अशा सहा गाड्या. पाच स्कूट्या आणि एक गिअरची मोटारसायकल, ती आमच्या पशुसखीची. काळ्या मातीच्या चिखलात स्कूटीचं बारकं चाक रुततं, म्हणून तिनं विचार करून मोटारसायकल घेतलेली. पहिला मुक्काम शिरूर, दुसऱ्या दिवशी पुणं ओलांडून ताम्हिणी घाट आणि माणगाव.

घाटाबद्दल नीट ऐका, कारण आपल्याकडं उतार फारसे नाहीत. स्कूटीला गिअर नसतो, त्यामुळं उतारावर गाडी सगळी ब्रेकवर येते. ब्रेक सतत दाबून धरला की तो तापतो, वास येतो, मग लागेनासा होतो. सुरुवातीपासूनच हळू उतरायचं, दाबायचा-सोडायचा, आणि मधे थांबून गार होऊ द्यायचं. आम्ही चार वेळा थांबलो. मागून येणारे हसून गेले. जाऊ द्या.

समुद्र पहिल्यांदा दिसला दिवेआगरला. माळकरीण मावशी गाडीवरून उतरली आणि काही न बोलता पाणी तोंडात घेऊन बघितलं, खरंच खारट आहे का. बाकी आम्ही शहागडला गोदावरी भरलेली बघितलेल्या बाया. पण गोदावरीला पलीकडचा काठ असतो.

त्या रात्री ज्या घरी उतरलो त्या काकूंची नारळ-सुपारीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्याच भागात किनाऱ्यावर आलं. एका दुपारी सासऱ्यांच्या हातची झाडं आडवी झाली, असं त्या सांगत होत्या. सुपारीचं रोप लावलं की उत्पन्नाला सहा-सात वर्षं जातात. आम्ही त्यांना २०१२-१३ चा आपला दुष्काळ सांगितला. मोसंबीच्या बागा कशा वाळल्या, टँकरनं पाणी घालून घालून शेवटी कुऱ्हाड कशी लावावी लागली. ज्या मोसंबीला २०१६ मध्ये जालन्याच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, तिची तीनच वर्षं आधी आपल्याकडं सरपणाची मोळी झाली होती. काकूंनी विचारलं, "मग तेवढी वर्षं तुम्ही खाल्लंत काय?" आमच्या कृषी सखीनं सांगितलं: शेळ्या, रोजगार हमी आणि गटाचं कर्ज. त्यांनी सांगितलं: घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि जेवणाचं ताट लावलं. मधे वाडीत केळी आणि मसाल्याची झाडं घेतली. रात्री बारापर्यंत हेच चाललं होतं. आम्ही नेलेली मोसंबी त्यांना दिली, निघताना त्यांनी सुपारीची पिशवी दिली. पैसे लावले नाहीत. मुक्कामाचे मात्र पुरते घेतले, आणि ते मला आवडलं. धंदा तो धंदा.

बागमांडल्याहून पहिली फेरीबोट. बोटीचा उतरायचा उतार लोखंडी असतो आणि धक्का ओला, ओहोटीला शेवाळलेला. मागं बसलेलीनं उतरून चालत जावं, ओल्यावर पुढचा ब्रेक दाबू नये, हँडल सरळ ठेवावं. हे सगळं ठरलेलं असताना पुढं एका धक्क्यावर आमची ती एकल ताई घसरलीच. गुडघा फुटला, आरसा तुटला. बोटीवरच्या पोरांनी गाडी उचलली, जवळच्या दवाखान्यात पट्टी केली. गुडघ्याला त्या पंधरा लाखांतून काही मिळत नसतं, हे सांगून ठेवते. पण त्या रात्री तिनं पिशवीतून विम्याचा कागद काढला आणि त्यावरचं स्वतःचं नाव वाचलं. वारसदार म्हणून लेकीचं नाव आहे, तेही वाचलं. मग झोपली. सकाळी गाडी तिनंच चालवली.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघितला. वाळूत टोपल्या, भोवती बाया उभ्या, भाव बोलणाऱ्या बाया, पैसे मोजणाऱ्या बाया. माळकरीण मावशी नाकाला पदर लावून, पण शेवटपर्यंत उभी. म्हणाली, "आपल्या मोंढ्यात बाई कापूस घेऊन जाते, भाव मात्र गड्याशी बोलतात. इथं बघ." समोर सुवर्णदुर्ग होता, तो त्या दिवशी आमच्याकडून नीट बघायचाच राहिला.

गुहागर, गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता, हे सगळं सुंदर आहे, तुम्ही जाल तेव्हा बघाल. पेट्रोलचं सांगते: किनाऱ्याच्या रस्त्यावर पंप लांब लांब आहेत, टाकी अर्धी झाली की भरून घ्या. गाडीचा नंबर बघून ठिकठिकाणी विचारायचे, "एकवीस म्हणजे कुठं?" जालना म्हणलं की, "एवढ्या लांबून? आणि यावरून?"

रत्नागिरीहून खाली वेंगुर्ल्याला मुद्दाम गेलो. तिथं मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवनाची सफर चालवतात, २०१७ पासून. कांदळवन म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं. काहींची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात, खिळे उलटे ठोकल्यासारखी. ही झाडं लाटांचा जोर मोडतात, माती धरून ठेवतात, मासळीची पिल्लं त्यांच्या आसऱ्याला वाढतात. होडी वल्ह्यांची, वल्हवणाऱ्या बाया, माहिती सांगणाऱ्याही त्याच. त्यांनी नवीन काही आणलेलं नाही. खाडी होती, होडी माहीत होती, झाडं लहानपणापासून ओळखीची होती. ओळखीच्या गोष्टीची माहिती देण्याचे पैसे घेतले, एवढंच.

परतीला आंबोली, कोल्हापूर, सोलापूर, बीड. वाटेत जिथं थांबू तिथं एकच वाद. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला केवढी गर्दी होते. अंबडला मत्स्योदरी, घनसावंगी तालुक्यात रामदास स्वामींचं जांब. एवढी माणसं येतात, ज्वारीची गरम भाकर आणि ठेचा मागतात, आणि हॉटेलात वडापाव खाऊन जातात. आमच्यातल्या चौघी म्हणतात, चतुर्थीपुरतं दहा ताटांनी सुरू करावं. तिघी म्हणतात, जागेचं भाडं आणि पाणी यातच नफा जाईल. मला तिघींचं जास्त पटतं, निदान उन्हाळ्यात तरी. पण दहा ताटांचा हिशोब मांडून बघायला काय जातं? तो पुढच्या बैठकीला ठेवलाय, येणारीनं आपला आकडा घेऊन यावं.

एकूण अंतर साडेपंधराशे किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल २१,४०० रुपये, मुक्काम २०,२५०, जेवण १९,८००, फेरीबोट, होडी, पंक्चर, पट्टी, आरसा असं किरकोळ ४,१५०. सगळे मिळून ६५,६००. उरलेले ६,४०० वहीत जमा आहेत. वही त्या टेबलावर ठेवली आहे, जिला बघायची तिनं बघावी, पावत्या मागं टाचलेल्या आहेत. पुढच्या फेब्रुवारीसाठी आतापर्यंत अकरा जणींनी नावं दिली. त्यातल्या सहा जणींकडं लायसन नाही, आणि चौघींची गाडी दुसऱ्याच्या नावावर आहे. त्या चौघींनी आज जेवण झाल्यावर मला भेटूनच जावं. फॉर्म २९ आणि ३० च्या कोऱ्या प्रती मी पिशवीत घेऊन आले आहे.