वकील मिळतो, मागावा लागतो
बांधाच्या तंट्यात वकिलाच्या फीपायी बैलजोडी विकलेल्या घरांची मुले आमच्याच शाळेत बसतात. कुणबी कोर्टात कसा नागवला जातो, हे जोतीरावांनी १८८३ सालीच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दाखविले. पण १९८७ चा विधी सेवा कायदा १९९५ पासून अंमलात आहे. त्याअन्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व कैदी यांस उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो. बागाईतदाराची सून पोटगी मागू लागली तर तिलाही! इतर बहुतेकांस मात्र उत्पन्नाची अट आहे. वकिलाची फी सरकारी निधीतून जाते. मग ही भीक कशी? सावकाराचा उंबरा चढण्याआधी वाशीमास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे. तेथे अर्ज लिहून घेतात, आपण अंगठा द्यावा.