मुलांचे प्रश्न आणि शोधयंत्र



लहान मूल संगणकावरील शोधयंत्रापुढें बसतें तेव्हां आजोबांना विचारावा तसा सबंध प्रश्न लिहितें: “देवमासा पाण्यांत श्वास कसा घेतो?” प्रौढ मनुष्य “देवमासा श्वसन” एवढ्या दोन शब्दांवर काम भागवितो. मुलाची रीत अडाणीपणाची नव्हे. प्रश्न असाच विचारावयाचा असतो, हें त्याला आपणच शिकविलेलें असतें.

यंत्राची रीत मात्र निराळी. ग्रंथाच्या शेवटीं शब्दांची सूचि असते, तशी असंख्य पानांची सूचि तें तयार ठेवतें, आणि प्रश्नांतील शब्द जेथें आढळतात तीं पानें क्रमवार पुढें मांडतें. पूर्वीं ‘कसा’, ‘न’, ‘शिवाय’ अशा लहान शब्दांना त्या हिशेबांत फारसें वजन नसे. त्यामुळें “उडतां न येणारे पक्षी” शोधणाऱ्या मुलापुढें उडणारेच पक्षी येण्याचा संभव असे. अमेरिकेंत दानिया बिलाल यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत सातवीच्या मुलांना ‘याहूलिगन्स’ या मुलांसाठींच काढलेल्या शोधयंत्रावर मगरीच्या एका जातीचें आयुर्मान शोधावयास सांगितलें होतें. कांहीं मुलांनीं बोलण्यांतलें वाक्यच जसेंच्या तसें लिहिलें. पण अशीं वाक्यें समजण्याची सोय त्या यंत्रांत नव्हती.

पुढें ही अडचण बरीच कमी झाली. मागचेपुढचे शब्द पाहून वाक्याचा अर्थ लावणारी ‘बर्ट’ नांवाची पद्धति गूगलनें २०१९ सालीं आपल्या शोधयंत्रास जोडली. सबंध प्रश्न विचारणारें मूल तेव्हांपासून पूर्वीइतकें तोट्यांत राहिलें नाहीं.

तरी एक उणीव उरतेच. देवमासा या नांवांतच मासा आहे. म्हणून तो माशाप्रमाणें पाण्यांतच श्वास घेत असावा, असें मुलानें गृहीत धरलें. वस्तुतः तो सस्तन प्राणी. श्वासासाठीं त्याला पाण्याच्या पृष्ठभागावर यावें लागतें. यंत्र हें उत्तर देईलहि. परंतु प्रश्नांत चूक कोठून शिरली, हें तें विचारीलच असें नाहीं. शिवाय, मूल दोन शब्द लिहितें न लिहितें तोंच खालीं इतरांनीं विचारलेल्या प्रश्नांची यादी उघडते. गूगलनें २००४ सालीं प्रथम अजमावलेली ही सोय मोठ्यांचा वेळ वांचविते खरी. पण मूल आपला प्रश्न अर्धवट टाकून त्या यादींतलाच एखादा पतकरतें.

तेव्हां आईवडिलांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें: मुलाचा प्रश्न यंत्राकडे जाण्यापूर्वीं एकदां आपल्या कानांवरून जाऊं द्यावा. “तुला असें कां वाटलें?” हें विचारावयास दोन मिनिटेंहि लागत नाहींत. उत्तर शोधण्याचें काम यंत्रानें खुशाल करावें. प्रश्न मात्र मुलाचाच राहिला पाहिजे.